टेकडीवरचा जळका थर: इशाऱ्याच्या जाळाची जागा ओळखावी कशी?

थरवाचक यांचा प्रश्न

नमस्कार. एका टेकडीवर झालेल्या लहानशा उत्खननाच्या नोंदी अहवालासाठी लावण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. अहवाल प्रसिद्ध झालेला नसल्यामुळे जागेचे नाव देता येत नाही; परंतु मला पडलेला प्रश्न अशा कोणत्याही टेकडीला लागू पडेल, म्हणून तो येथे मांडत आहे.

सर्वांत उंच माथ्यापासून थोडे खाली, पुढे आलेल्या सोंडेच्या टोकाशी, सुमारे ३ मीटर व्यासाचा भाजून लाल झालेल्या मातीचा गोल मिळाला. लाली मध्यभागी ५-६ सेंटिमीटर खोल गेली आहे आणि कडेकडे विरत नाहीशी होते. भोवती दगडांचे अर्धवट कडे आहे व त्यातील आतल्या बाजूचे काही दगड उष्णतेने तडकलेले आहेत. कोळशाचे कण आहेत, पण बारीक. राख जवळजवळ नाहीच. गोलाच्या कडेलाच खांबाचा एक खड्डा असून खांब घट्ट बसावा म्हणून ठोकलेले दगड त्यात अजून जागच्या जागी आहेत. वाऱ्याच्या आडोशाला, उतारावर १५-२० मीटर खाली, एका खोलीच्या भिंतींचा पाया, एक चूल, थोडी खापरे आणि हाडांचे तुकडे मिळाले. क्षेत्रवहीत अगदी सुरुवातीपासून या जागेला ‘इशाऱ्याच्या जाळाची चौकी’ असे म्हटले आहे, आणि तेच नाव पुढे रेखाचित्रांवर व अहवालाच्या मसुद्यातही उतरले आहे.

हे नाव इतक्या लवकर पक्के झाले, हे मला खटकते. येथे जाळ झाला एवढे माती सांगते. तो शत्रूची चाहूल लागल्यावर पेटवला होता, हे ती कसे सांगणार? गुराख्यांची आगटी, कोळशाची किंवा चुन्याची भट्टी, दहनाची जागा, एखाद्या उत्सवाचा मोठा जाळ, यांपैकी काहीही असू शकते. एका सहकाऱ्याने संगणकावर दृश्यक्षेत्र काढून या सोंडेवरून आणखी चार टेकड्या दिसतात असे दाखवले, आणि चर्चा तेथेच संपली. जाणकारांना मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. केवळ जमिनीतल्या पुराव्यावरून इशाऱ्याची जागा इतर जाळांपासून वेगळी काढता येते का? आणि टेकडीवरून टेकडी दिसणे या गोष्टीला पुरावा म्हणून किती वजन द्यावे?

---

जुनी_राख यांचे उत्तर

भाजलेली माती हा अशा जागेचा सर्वांत दुबळा पुरावा आहे, आणि खणताना नेमका तोच आधी डोळ्यांत भरतो. न पेटलेला जाळ हीच इशाऱ्याच्या चौकीची नेहमीची स्थिती असते. माणसे तेथे आळीपाळीने वर्षानुवर्षे बसतात, जेवतात, झोपतात, सरपण कोरडे ठेवतात आणि क्षितिजाकडे पाहत राहतात. खरा जाळ एखाद्या पिढीत एकदा होतो, कधी एकदाही होत नाही. त्यामुळे जेथे जाळाच्या खुणा ठळक आणि वावराच्या खुणा पुसट आहेत, तेथे मी इशाऱ्याची शक्यता कमी धरतो. आपल्या नोंदींतील उतारावरची ती खोली मला लाल गोलापेक्षा अधिक मोलाची वाटते.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो विसरून चालणार नाही. काही व्यवस्थांमध्ये ‘सर्व क्षेम आहे’ हे कळवण्यासाठीही रोज जाळ करीत असत. कोरियातील जोसॉन राजवटीत शांततेच्या काळात रोज एक जाळ पेटे. शत्रू दिसला की दोन, तो सीमेजवळ आला की तीन, सीमा ओलांडली की चार आणि लढाई जुंपली की पाच. चीनमधील थांग काळातही रोजच्या क्षेमकुशलाच्या जाळाची पद्धत होती. अशा जागी भाजलेला थर जाड असणे स्वाभाविक आहे, आणि तेथे पुराव्याचे स्वरूपच बदलते. कोरियातील अनेक चौक्यांवर धूर-जाळाच्या पाच भट्ट्या एका रांगेत बांधलेल्या दिसतात. त्यामागचा संकेत दगडी बांधकामातून थेट वाचता येतो, कारण एरवी कोणत्याही कामाला टेकडीवर एकसारख्या पाच भट्ट्यांची ओळ लागत नाही. सोल शहरातील नामसान टेकडीवर, जेथे देशभरातील पाचही मार्ग येऊन मिळत, अशा पाच भट्ट्या आज पुन्हा बांधून दाखवल्या आहेत.

आता आपल्या गोलाविषयी. उघड्यावरच्या जाळाची बहुतेक उष्णता वर निघून जाते. एका रात्रीच्या मोठ्या जाळाखालची माती पुष्कळदा नुसती काळवंडते, कारण पडलेले निखारे आणि राखच तिला झाकून हवेपासून तोडतात. लोहयुक्त माती स्वच्छ लाल होण्यासाठी भरपूर तापमान आणि हवा ही दोन्ही लागतात. म्हणून ५-६ सेंटिमीटर खोल गेलेली लाली एकाच जाळाची असेल असे मला वाटत नाही. जाळ अनेकदा झाला असेल, तर त्या वेळांमध्ये अंतर किती होते, हा खरा प्रश्न आहे. मातीचा अखंड ठोकळा राळेत घट्ट करून त्याचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर कोळशाच्या दोन पापुद्र्यांमध्ये वाऱ्याने आलेली धूळ, गवताची मुळे किंवा गांडुळांचा वावर दिसतो का, हे कळते. दिसल्यास मधल्या काळात जमीन मोकळी पडली होती. रोज किंवा हंगामभर पेटणारी भट्टी असे पापुद्रे सोडत नाही. राख न मिळणे हा मात्र कोणत्याच बाजूचा पुरावा नव्हे. उघड्या माथ्यावर वारा आणि पाऊस राख टिकू देत नाहीत.

खांबाच्या खड्ड्याकडे फार बारकाईने पाहा. सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये उंच खांबाच्या टोकाला लोखंडी टोपली किंवा डांबराचे भांडे लावून त्यात जाळ करीत असत आणि वर चढण्यासाठी खांबाला पायऱ्या ठोकलेल्या असत. असा जाळ जमिनीला शिवतच नाही. मागे उरतो तो खांबाचा खड्डा, गळलेल्या डांबराचे थेंब आणि फार तर एखादी खीळ. डेव्हन परगण्यातील कल्मस्टॉक टेकडीवर घुमटाकार छताची एक लहान दगडी खोली आहे. १५८८ सालच्या स्पॅनिश आरमाराच्या इशाऱ्याशी तिचे नाव जोडले जाते, आणि पुढे दुरुस्त झालेली असली तरी अशा उभ्या राहिलेल्या मोजक्या वास्तूंत तिची गणना होते. आपल्याकडे जमिनीवरचा जाळ आणि खांब दोन्ही आहेत, म्हणजे ते दोन वेगळ्या काळांचे असू शकतात. खांबाचा खड्डा लाल माती कापून खाली गेला आहे, की ठोकलेल्या दगडांवरही लाली चढली आहे? छेदाच्या रेखाचित्रात हे स्पष्ट नसेल तर छायाचित्रे काढून पाहा, कारण येथील घडामोडींचा क्रम त्या एका रेषेवर ठरणार आहे.

पर्यायांपैकी चुन्याची भट्टी सर्वांत सहज बाद होते. तिच्यात अर्धवट भाजलेल्या चुनखडीचे खडे आणि हवा आत घेणारे तोंड असते. दहनाच्या जागी पांढरी पडून तडकलेली हाडे मिळतात. कोळसा पाडण्याची जागा मात्र फसवी असते, कारण तीही टेकडीवर, तीही गोल आणि तीही लाल. पण ती सहसा झाडीजवळच्या उतारावर सपाट केलेली असते आणि तिच्यात कोळशाची भुकटी जाड थराने साचते. आपल्याकडे कोळसा विरळ आहे, म्हणून ती शक्यता मागे पडते.

हा घोटाळा जुन्या पहारेकऱ्यांचाही झालेला आहे. ३१ जानेवारी १८०४ च्या रात्री स्कॉटलंडच्या सीमेवरील ह्यूम किल्ल्यावरच्या पहाऱ्याने लांबच्या टेकडीवर कोळसा पाडणाऱ्यांचा जाळ पाहिला, तो फ्रेंच आक्रमणाचा इशारा समजून आपला जाळ पेटवला, आणि पुढच्या टेकड्यांनी तो पुढे नेल्यामुळे हजारो स्वयंसेवक सैनिक शस्त्रे घेऊन बाहेर पडले. जाळ कोठे होणार आणि कसा दिसणार हे ज्यांना नेमून दिले होते, त्यांनाही दोन जाळ वेगळे ओळखता आले नाहीत. मग शेकडो वर्षांनी उरलेल्या लाल मातीकडून आपण ते ठामपणे वदवून घेऊ नये.

---

नकाशावाला यांचे उत्तर

दृश्यक्षेत्राच्या प्रश्नापुरते लिहितो.

टेकडीवरून चार टेकड्या दिसल्या, यात नवल काहीच नाही; टेकड्या एकमेकींना दिसतातच. विचारायचे ते असे की, त्याच परिसरातील तेवढ्याच उंचीच्या, यदृच्छेने निवडलेल्या शेकडो जागांवरून सरासरी किती टेकड्या दिसतात? उत्तर तीन किंवा पाच आले, तर आपल्या सोंडेवरून चार दिसण्याला अर्थ उरत नाही. ही तुलना संगणकावर सहज करता येते, तरी अनेक अहवालांत ती केलेली नसते, याची मला खंत वाटते. रंगवलेला नकाशा पानावर आला की वाचणाऱ्याला तो सिद्धता वाटू लागतो.

दुसरी बाब अंतराची. पृथ्वीच्या गोलाईमुळे, वातावरणातील वक्रीभवन सोडून दिल्यास, क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर हे मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाच्या ३.५७ पट येते. सपाट प्रदेशापासून १०० मीटर उंच टेकडीवरून क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरवर असते, आणि तेवढ्याच उंचीच्या दोन टेकड्या, मध्ये काही आडवे नसेल तर, ७१ किलोमीटरवरूनही एकमेकींना दिसू शकतात. हे झाले भूमितीपुरते. एवढ्या अंतरावरचा जाळ नजरेला टिपता येईल का, तो आकाशातल्या ताऱ्यापासून किंवा वणव्यापासून वेगळा ओळखता येईल का, धुके किती रात्री असते, हे सारे भूमितीच्या पलीकडचे आहे. दिवसा धूर दिसण्याचे गणित तर पूर्ण वेगळे आहे, कारण तेथे पार्श्वभूमी काय आहे आणि वारा कसा आहे यावर सारे अवलंबून असते.

या दृष्टीने बायझंटाइन साम्राज्याची साखळी अभ्यासण्यासारखी आहे. नवव्या शतकात, सम्राट थिओफिलोसच्या काळात, टॉरस पर्वताजवळील लूलोन किल्ल्यापासून राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यातील दीपगृहापर्यंत सुमारे ७०० किलोमीटरची जाळांची रांग चालत असे, आणि तिच्या योजनेचे श्रेय गणितज्ञ लिओ याला दिले जाते. दोन्ही टोकांना एकाच वेळेशी जुळवलेली घड्याळे ठेवून, बाराही तासांना वेगवेगळ्या घटना नेमून दिल्या होत्या असे वर्णन आहे. म्हणजे जाळ कोणत्या तासाला झाला यावरून बातमी कळे. टोके धरून अवघी नऊ ठिकाणे सांगितलेली आहेत, म्हणजे दोन ठिकाणांमध्ये सरासरी ९० किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. इतक्या लांबच्या टप्प्यांमुळे, आणि मजकुरातील काही डोंगर आज नक्की कोणते यावर एकमत नसल्यामुळे, अभ्यासकांचा वाद चालू आहे. लिखित वर्णन हाताशी असूनही ठिकाणे ठरवणे इतके अवघड जाते. आपल्याकडे तर वर्णनही नाही.

आपली जागा सर्वोच्च माथ्यावर नसून सोंडेवर आहे, ही गोष्ट मला इशाऱ्याच्या बाजूने बोलणारी वाटते. सर्वांत उंच शिखर वारंवार ढगात जाते. शिवाय जाळ पाहणारे जर खोऱ्यात राहत असतील, तर माथ्याच्या मध्यावरचा जाळ त्यांना माथ्याच्याच कडेमुळे दिसत नाही. तो पुढे आलेल्या टोकावर असावा लागतो. सहकाऱ्यांना विचारा की, माथा सोडून सोंडेवर आल्याने नेमके काय नव्याने दिसू लागते आणि काय दिसेनासे होते. जी एखादी टेकडी, वस्ती किंवा घाट केवळ सोंडेवरूनच दिसतो, तोच या निवडीमागचे कारण असण्याचा संभव आहे. चार टेकड्यांच्या गोळाबेरजेपेक्षा हा फरक कितीतरी अधिक सांगून जाईल.

आणि शेजारच्या टेकडीवर प्रत्यक्ष खणल्याशिवाय साखळी हा शब्द वापरू नये. प्राचीन यहूदा राज्यातील लाखीश या तटबंदीच्या शहराच्या वेशीतील जळक्या थरात १९३५ साली मिळालेल्या खापरांवरच्या पत्रांत, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभीचा एक अधिकारी लिहितो की आम्ही लाखीशच्या जाळाच्या खुणांकडे लक्ष ठेवून आहोत, कारण अझेका (जवळचे दुसरे तटबंदीचे शहर) दिसत नाही. अझेका तोवर पडले होते म्हणून ते दिसत नव्हते, असे पुष्कळांनी मानले. ते जेथून पाहत होते तेथून अझेका दिसण्याजोगेच नव्हते, असेही म्हणता येते. लिहिणाऱ्याने स्वतः सांगितलेल्या ‘न दिसण्या’चाही अर्थ जर एकच निघत नाही, तर संगणकाने दाखवलेल्या ‘दिसण्या’ला आपण किती अर्थ चिकटवायचा, याचा विचार व्हावा.

---

मृण्मयी यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांत काळाचा मुद्दा मागे राहिला आहे, म्हणून लिहिते. लाल गोल, खांब आणि खोली एकाच काळातील आहेत हे आधी सिद्ध झाल्याशिवाय त्यांची मिळून एक चौकी बनवता येणार नाही, आणि टेकडीच्या माथ्यावर, जेथे माती साचण्याऐवजी धुपते, तेथे थरांवरून हे सिद्ध होणे कठीण असते.

कोळशाचे कार्बन-१४ मापन करायचे असेल तर कण कोणत्या झाडाच्या कोणत्या भागाचे आहेत हे प्रथम ओळखून घ्या. जुन्या खोडाच्या गाभ्याचा कोळसा जाळाच्या वयापेक्षा शंभर-दोनशे वर्षे आधीचे वय देऊ शकतो, आणि जुन्या इमारतीचे लाकूड सरपणाला वापरले असेल तर त्याहूनही आधीचे. बारीक डहाळ्या, साल, गवताचे जळके दांडे असे अल्पायुषी नमुनेच निवडा. जागा सतराव्या शतकाच्या मध्यानंतरची असल्याचा संशय असेल, तर या मापनावर खर्च करण्याआधी थांबा. त्या काळात वयरूपांतराचा (मोजलेल्या कार्बनवरून वर्ष काढण्याचा) आलेख इतका सपाट आणि नागमोडी आहे की उत्तर दोन-अडीच शतकांत कोठेही पडू शकते.

लाल माती जागची हललेली नसेल तर तिचे पुराचुंबकीय मापन करता येते. माती तापून थंड होताना तिच्यातील लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात, आणि ती दिशा काळानुसार बदलत असल्यामुळे त्या प्रदेशाचा संदर्भ-आलेख उपलब्ध असेल तर शेवटच्या मोठ्या जाळाचा काळ ठरवता येतो. ‘शेवटच्या’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण आधीच्या जाळांची आठवण नंतरचा तितकाच तापलेला जाळ पुसून टाकतो. तडकलेल्या दगडांवर प्रकाशदीप्तीचे मापनही (दगड शेवटचा तापल्यापासून त्यात साठलेल्या ऊर्जेवरून काळ ठरवणे) होऊ शकते, पण त्यासाठी ते उन्हात पडलेले नसावेत आणि भोवतालची थोडी माती सोबत घेतलेली असावी.

शेवटचा जाळ इशाऱ्याचा असेलच असे नाही, आणि अनेक देशांत हा धोका खरा ठरला आहे. ब्रिटनमध्ये १८८७ आणि १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या महोत्सवांसाठी, आणि १९८८ साली स्पॅनिश आरमाराच्या चारशेव्या वर्षानिमित्त, इशाऱ्याच्या जुन्या टेकड्यांवरच मोठमोठे जाळ केले गेले. म्हणजे ज्या जागेची स्मृती टिकली, तिचाच पुरावा त्या स्मृतीने झाकला. थरात यंत्राने घडवलेले खिळे, पिंपांच्या पट्ट्या, काच असे काही आहे का ते चाळणीच्या नोंदींत तपासा. टेकडीचे प्रचलित नाव जाळाशी संबंधित असेल तर त्यालाही याच कारणाने फार महत्त्व देऊ नका.

चुंबकीय सर्वेक्षण झाले असल्यास आणखी एक काळजी घ्या. उंच उघड्या जागी वीज पडते आणि तिचा प्रवाह जमिनीतून व खडकातून जाताना फार प्रबळ चुंबकत्व मागे ठेवतो. ते जळक्या जागेसारखे ठळक उठते, पण त्याचा आकार सहसा लांबट किंवा ताऱ्यासारखा फाटे फुटलेला असतो आणि खाली भाजलेली माती मिळत नाही. खालचा खडक ज्वालामुखीजन्य असेल तर त्याचे स्वतःचे चुंबकत्वच इतके असते की सर्वेक्षणात दिसलेल्या प्रत्येक डागाचा जाळ करणे धोक्याचे ठरते.

---

थरवाचक यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. छायाचित्रे पुन्हा पाहिली. खांबाच्या खड्ड्याची कड लाल माती स्वच्छ कापून जाते आणि आत ठोकलेल्या दगडांवर लाली अजिबात नाही. म्हणजे जमिनीवरचा जाळ आधीचा आणि खांब नंतरचा. मृण्मयीताईंनी सांगितल्याप्रमाणे चाळणीच्या नोंदी तपासल्या, त्यात अर्वाचीन खिळे किंवा काच नाही.

खोलीविषयी मी पुरेसे लिहिले नव्हते. तिचे दार जाळाच्या दिशेला नसून खोऱ्याकडे उघडते. दाराशेजारच्या एका सपाट दगडावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी कोरलेली आहे, ती मी सोबतच्या रेखाचित्रात पाहिली. हा सोंगट्यांचा पट असावा असे टिपणात म्हटले आहे. मागच्या भिंतीला लागून सुमारे २ मीटर लांबीचा, काळपट आणि भुसभुशीत मातीचा पट्टा आहे. त्यात कोळसा नाही, म्हणून तो ‘कुजलेला पालापाचोळा’ या नावाखाली नोंदवून सोडून दिला आहे. त्यातील मातीची एक पिशवी मात्र जपून ठेवली आहे. या गोष्टींना काही अर्थ आहे का?

---

जुनी_राख यांचे उत्तर

आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक अर्थ त्या सोडून दिलेल्या पट्ट्याला आहे. इशाऱ्याच्या चौकीची सर्वांत खास वस्तू कोणती असे विचारले तर मी न जळालेले सरपण असे सांगेन. रोमन सम्राट ट्रेजनच्या, ११३ साली उभ्या राहिलेल्या स्तंभावर डॅन्यूबकाठच्या पहाऱ्याचे मनोरे कोरले आहेत. त्यांच्या वरच्या मजल्यावरून बाहेर काढलेल्या मशाली दिसतात, आणि खाली आडव्या-उभ्या थरांनी रचलेली लाकडांची थप्पी व गवताच्या गंज्या दिसतात. १९०७ साली पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांना चीनमधील तुन्हुआंगच्या वाळवंटात हान काळातील मनोऱ्यांजवळ बोरूच्या आणि काटक्यांच्या जुड्यांच्या नीट रचलेल्या थप्प्या जागच्या जागी मिळाल्या. कोरड्या हवेत आणि क्षारांमुळे त्या दोन हजार वर्षे टिकल्या, आणि जाळ तयार ठेवणे म्हणजे काय हे त्यांतून डोळ्यांना दिसते. दमट प्रदेशात अशा थप्पीचा उरतो तो फक्त काळपट भुसभुशीत पट्टा.

त्याच वाळवंटी पट्ट्यातील च्युयेन येथे १९७४ साली मिळालेल्या १७ लाकडी पट्ट्यांवर इशाऱ्यांचे नियम लिहिलेले आहेत: शत्रू किती, कोणत्या ठाण्यावर आला, दिवस आहे की रात्र, त्यानुसार निशाणे किती उंचवायची, मशाली किती दाखवायच्या, सरपणाच्या किती थप्प्या पेटवायच्या. असा पूर्वी ठरलेला संकेत नसेल तर जाळ मुका असतो. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातील युफ्रेटिस नदीकाठच्या मारी या प्राचीन शहरातील एका पत्रात अधिकारी राजाला कळवतो की वाटेतल्या साऱ्या वस्त्यांनी जाळ उंचावून एकमेकींना उत्तरे दिली, पण त्याचे कारण मला अजून समजलेले नाही. आपल्या टेकडीचा संकेत आपल्याला कधीच मिळणार नाही, हे धरून चालावे लागेल. मात्र संकेतामागची तयारी मातीत उतरते.

चीनच्या शिन्च्यांग प्रांतातील केयाकेकुदुके येथील थांग काळातील चौकीचे २०१९ ते २०२१ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा मनोऱ्याइतकेच, किंबहुना अधिक, तिच्या कचऱ्याच्या ढिगाने सांगितले. कागदावरचे आणि लाकडावरचे आठशेहून अधिक लेख तेथे मिळाले आणि पहाऱ्यावरच्या माणसांचे रोजचे व्यवहार त्यातून उभे राहिले. जपानमध्ये उत्सुनोमिया येथील तोबियामा किल्ल्याच्या जागी शाईने ‘जाळघर’ अशा अर्थाची अक्षरे लिहिलेले मातीचे भांडे सापडले, आणि त्या एका भांड्याने लाल मातीच्या कितीही मोठ्या गोलाला जमले नसते ते काम केले. म्हणून आपल्या खोलीतील खापरे धुताना आतबाहेर दोन्ही बाजू तिरप्या उजेडात पाहिल्याशिवाय ब्रशने घासू नका.

सोंगट्यांच्या पटाबद्दल मी सावध आहे. असे पट पहाऱ्याच्या जागी पुष्कळ मिळतात, पण गुराखीही दुपार घालवायला दगडावर रेघा ओढतो. दाराची दिशा अधिक बोलकी आहे: ज्याला जाळ सांभाळायचा असेल तो दार जाळाकडे ठेवील, ज्याला वाट पाहायची असेल तो खोऱ्याकडे. हाडांत डोकी आणि खूर आहेत की फक्त मांसाचे भाग, हे पाहून घ्या. जनावर टेकडीवरच कापले असेल तर सारे भाग मिळतील. खालून शिधा चढवला जात असेल तर निवडक भाग मिळतील, आणि दुसऱ्या कोणीतरी नेमून, पोसून येथे बसवलेली माणसे होती असे म्हणायला आधार मिळेल.

आता जपून ठेवलेल्या त्या पिशवीकडे वळा. मातीचा अर्धा भाग पाण्यात तरंगवून बिया आणि तंतू काढा, उरलेल्यातून वनस्पती कुजल्यावरही मातीत उरणारे त्यांचे सिलिका-कण वेगळे करायला द्या, आणि हाच क्रम लाल गोलातील मातीवरही करा. दोन्हीकडे एकाच जातीच्या डहाळ्या, बोरू किंवा गवत निघाले, तर न जळालेली साठवण आणि जळालेला जाळ यांची सांगड पहिल्यांदा पुराव्यानिशी बसेल. खांब नंतरचा असल्यामुळे त्याच्या खड्ड्यातील मातीत डांबराचा अंश आहे का, हे वायुवर्णलेखनाने (मिश्रणातील घटक वेगळे करून ओळखण्याच्या पद्धतीने) तपासून घ्या. तो मिळाला, तर एकाच सोंडेवर आधी जमिनीवर रचून आणि पुढे खांबावर टांगून, दोन रीतींनी जाळ होत होता असे मांडता येईल. साठवणीच्या पट्ट्याचा तुटलेला छेद अजून उघडा असेल, तर त्याच्या तळाचा, भिंतीला चिकटलेला ठोकळा आधी काढा, कारण सर्वांत जुन्या थप्पीचे अवशेष तेथेच दबून राहिलेले असतील.